डब्यातील गाजरे

नवरात्रात घरी घट बसला, की लहान मुलाला शेतीचा पहिला धडा आपोआप मिळतो. पत्रावळीवर काळी माती पसरलेली असते, तिच्यात गहू पेरलेले असतात, आणि मूल रोज सकाळी तेथे डोकावून पाहत असते. तिसऱ्या-चौथ्या दिवशी पांढरे कोंब वर येतात. दसऱ्यापर्यंत त्यांचे वीतभर उंचीचे पिवळसर हिरवे धन होते. छत्तीसगडातही नवरात्रात असेच धान्य पेरून जंवारे वाढविण्याची रीत आहे. त्यामुळे भिलाई-३ येथील मराठी बिऱ्हाडातील मूल असो, की त्याच्या शेजारचे छत्तीसगडी मूल असो, दोघांचीही एक समजूत पक्की झालेली असते : पेरले की आठवड्याच्या आत उगवते, आणि उगवले की डोळ्यांना दिसते.

ही समजूत खोटी नाही, पण अपुरी आहे. धान्याचा कोंब उजेडाकडे धावतो. गाजराचे मुख्य काम मात्र अंधारात चालते. गाजर पेरणाऱ्या मुलाला जवळजवळ तीन महिने डब्यातील मातीकडे पाहत राहावे लागते, आणि ज्याची वाट पाहावयाची ते त्या अवधीत त्याला पुरते असे एकदाही दिसत नाही. मुलांच्या बागेसाठी मुळा किंवा मेथी ही पिके याहून सोपी आहेत, यात शंका नाही. तथापि न दिसणाऱ्या गोष्टीवर भरवसा ठेवून रोजचे काम रोज करीत राहणे, हा जो शेतीचा आणि एकंदर जीवनाचाच धडा आहे, तो गाजराइतका स्वच्छ शिकविणारे दुसरे पीक विरळा.

मुंबई-हावडा लोहमार्गावर, नागपूरपासून सुमारे पावणेतीनशे किलोमीटर पूर्वेस, दुर्ग आणि रायपूर यांच्या दरम्यान भिलाई-३ हे गाव वसले आहे. शेजारी चरोद्याचे मालगाड्यांचे विस्तीर्ण यार्ड आहे, आणि जवळच भिलाईचा प्रसिद्ध पोलाद-कारखाना. या कारखान्याचा भारत-सोव्हिएत करार २ फेब्रुवारी १९५५ रोजी झाला, आणि ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. कारखान्याच्या आणि रेल्वेच्या निमित्ताने जी माणसे देशभरातून येथे आली, त्यांत विदर्भातील मराठी कुटुंबेही होती. त्यांच्या मूळ गावी घरामागे परसू होते. छत्तीसगडी घरामागेही ‘बाडी’ असते, आणि शेण-पालापाचोळा कुजविण्याचा खड्डा, म्हणजे ‘घुरवा’, हा तिचा जिवलग सोबती. क्वार्टरमध्ये किंवा भाड्याच्या वरच्या मजल्यावर यांतले काहीच नसते. उरतो तो दोन हात रुंदीचा ओटा, गच्चीचा एखादा कोपरा, किंवा जिन्याजवळची ऊन येणारी जागा.

अशा घरातील मुलाला गाजर भेटते ते भाजीच्या गाडीवर. स्वच्छ धुतलेले आणि पाला छाटलेले. ते जमिनीतून उपटून काढावे लागते, त्याला कोथिंबिरीच्या गोत्रातील नाजूक पाने असतात, हे त्याला सांगावे लागते. पूर्वी आजीच्या मागून परसात फिरता फिरता जे ज्ञान फुकट मिळत असे, ते आता मुद्दाम योजून दिले नाही, तर एका पिढीच्या अवधीत तुटून जाते. एक रिकामा डबा आणि चिमूटभर बी एवढ्या भांडवलावर हा धागा पुन्हा सांधता येतो. शिवाय डब्याला एक गुण असा आहे, की तो जागेला बांधलेला नसतो. बिऱ्हाड बदलले, तर तोही बरोबर येतो.

मुलांनी हातांनी काम करीत शिकावे, हा विचार या लोहमार्गावरच्या प्रदेशाला परका नाही. याच मार्गावर नागपूरच्या पलीकडे वर्धा आहे. तेथे १९३७ च्या ऑक्टोबरमध्ये भरलेल्या परिषदेत महात्मा गांधींनी उद्योगातून शिक्षणाची कल्पना देशापुढे मांडली, आणि तीतून निघालेल्या अभ्यासक्रमात शेती व भाजीपाल्याची बाग यांना सूतकताईच्या बरोबरीने स्थान मिळाले. महाराष्ट्राच्या दुसऱ्या टोकाला, बोर्डी आणि कोसबाड येथे, ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी मुलांच्या भोवतालच्या वस्तूंनाच शिक्षणाची साधने बनविले. २०१९ साली केंद्र शासनाने शाळांतील पोषण-बागांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यांतही, जमीन नसेल तेथे कुंड्या आणि डबे यांतून भाज्या लावाव्यात, असे सुचविले आहे. घरातील गाजराचा डबा हा याच विचाराचा अगदी लहान अवतार होय.

आता प्रत्यक्ष कामाकडे वळावयाचे, तर पहिला प्रश्न वेळेचा. गाजर हे थंडीचे पीक आहे. त्याचा रंग आणि आकार १५ ते २० अंश सेल्सिअस तापमानात उत्तम भरतो. छत्तीसगडच्या मैदानात पाऊस ऑक्टोबरच्या सुमारास ओसरतो, आणि डिसेंबर-जानेवारीत रात्री गारठा चांगला पडतो. म्हणून ऑक्टोबरच्या मध्यास पेरणी करावी. तेथून ९० दिवस मोजले, की १३ जानेवारी येते. म्हणजे नेमकी भोगी. मराठी घराला याहून चांगला मुहूर्त शोधूनही मिळणार नाही. भोगीच्या लेकुरवाळ्या भाजीत गाजर हवे असते, संक्रांतीच्या सुगडात ऊस, बोरे, हरभरा आणि ओंब्या यांच्याबरोबर गाजराचे तुकडे हवे असतात. ‘गाजर केव्हा येणार?’ या मुलाच्या प्रश्नाला ‘तीन महिन्यांनी’ हे उत्तर कोरडे वाटते. ‘भोगीला’ हे उत्तर त्याला कळते. शेजारच्या छत्तीसगडी मुलांनाही खूण जवळच सापडते. पौष पौर्णिमेला त्यांचा छेरछेरा येतो, आणि मुले घरोघरी नव्या भाताचे दान मागत फिरतात. त्या सुमारास डब्यातील गाजरेही तयार होत असतात.

दुसरा प्रश्न वाणाचा. गाजराची लागवड सुमारे हजार वर्षांपूर्वी इराण-अफगाणिस्तानच्या बाजूस सुरू झाली, आणि ती पहिली गाजरे जांभळी व पिवळी होती. आज जगभर दिसणारे नारिंगी गाजर पुढे सतराव्या शतकाच्या सुमारास हॉलंडमध्ये स्थिरावले. आपल्याकडील लाल, लांब, रसाळ गाजर हा त्याच कुळाचा उष्ण हवा सोसणारा आशियाई फाटा. दिल्लीच्या कृषी संशोधन संस्थेने देशी लाल गाजराचा नान्त या फ्रेंच नगराच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या आखूड गाजराशी संकर करून ‘पुसा केसर’ हा वाण सिद्ध केला. ही संस्था १९०५ साली बिहारातील पुसा या गावी स्थापन झाली आणि १९३४ च्या भूकंपानंतर दिल्लीस आली. तिच्या वाणांच्या नावांत तो जुना गाव अजून जिवंत आहे. डबा पुरेसा खोल असेल तर पुसा केसर लावावे. उथळ कुंडी असेल तर आखूड नान्त वाण बरा. बी मात्र त्याच वर्षीचे, ताजे असावे; गाजराच्या बियांची उगवणशक्ती लवकर उतरते.

भांडे म्हणून तेलाच्या १५ किलोच्या पत्र्याच्या डब्याला तोड नाही. तो सुमारे २३ सेंटिमीटर लांब-रुंद आणि ३५ सेंटिमीटर खोल असतो. लांब गाजराला खोली हवी असते, रुंदी कमी असली तरी चालते. वरचा पत्रा कापून कडा ठोकून बोथट कराव्यात. हे काम मोठ्या माणसाचे. तळाला खिळ्याने आठ-दहा भोके पाडावीत. हे काम मुलाला मोठ्यांच्या देखरेखीखाली करता येते, आणि ते त्याला मनापासून आवडते. पत्रा उन्हाने तापतो, म्हणून डब्याभोवती गोणपाट गुंडाळावे आणि डबा दोन विटांवर ठेवावा. रंगाचे, रसायनांचे किंवा कीटकनाशकाचे डबे कधीही घेऊ नयेत.

मातीची गोष्ट जरा विस्ताराने सांगावयास हवी, कारण पुढचे सारे यश तिच्यावर अवलंबून आहे. छत्तीसगडचा शेतकरी आपल्या जमिनीला चार नावांनी ओळखतो. उंचवट्यावरची तांबडी, मुरमाड ती भाठा. पिवळसर, हलकी ती मटासी. काळी, भारी ती कन्हार. आणि मटासी व कन्हार यांच्या मधली ती डोरसा. भाताला आणि गव्हाला यांतील ज्या जमिनी मानवतात, त्या गाजराला तशाच मानवतील असे नाही. कन्हार वाळली की दगडासारखी आवळते आणि गाजराची वाट अडविते. भाठ्यातील खडे त्याला फाटे फोडतात. म्हणून मटासीसारखी हलकी माती दोन भाग, नदीची वाळू एक भाग आणि पूर्ण कुजलेले शेणखत किंवा गांडूळखत एक भाग, असे मिश्रण करावे. खत ताजे असता कामा नये. ताज्या शेणाने मुळांना फाटे फुटतात. औद्योगिक गावात आणखी एक पथ्य पाळावे. रुळांच्या कडेची, रहदारीच्या रस्त्यालगतची किंवा कारखान्याच्या राखेची माती आणू नये; जमिनीत जे असते, ते कंदमुळांत थोडेफार उतरते.

ही माती चाळणीने चाळण्याचे काम मुलांकडे द्यावे, आणि त्यात घाई होऊ देऊ नये. चाळणीवर उरलेले खडे एका वाटीत जमा करावेत. ‘यातला एक खडा जरी आत राहिला, तरी गाजराला तो सापडेल,’ असे मुलाला सांगून ठेवावे. या वाक्याचा प्रत्यय जानेवारीत यावयाचा असतो.

पेरणीच्या दिवशी मुलाच्या तळहातावर बी ठेवावे. एका ग्रॅममध्ये सातशे-आठशे बिया मावतात, इतके ते बारीक असते. ते नुसते टाकले तर एका जागी गोळा होते. म्हणून मूठभर कोरड्या वाळूत मिसळून, बोटाने काढलेल्या सेंटिमीटरभर खोल रेघांत भुरभुरावे. वरून चाळलेले खत पसरावे आणि झारीने हलके पाणी द्यावे. रोप दुसरीकडे करून मग लावणे गाजराला चालत नाही. त्याचे सोटमूळ सुरुवातीसच खाली धावू लागते, आणि एकदा दुखावले की पुन्हा सरळ होत नाही. ज्या जागी बी पडले, त्या जागीच त्याचा संसार.

येथून पहिली कसोटी सुरू होते. गव्हासारखा चौथ्या दिवशी कोंब दिसत नाही. आठ दिवस जातात, दहा जातात, कधी पंधराही. गाजर, जिरे, ओवा, बडीशेप या एकाच कुळातील बियांच्या पोटातला गर्भ अगदी लहान असतो. बाहेर येण्यापूर्वी तो बीच्या आतच वाढून घेतो. मातीवर काही हालचाल नसली, तरी आत काम चालू असते. या दिवसांत मातीचा वरचा थर एकदाही वाळू देऊ नये. ओले गोणपाट झाकावे आणि कोंब दिसताच काढावे. कडेला मुळ्याचे चार दाणे टाकण्याची युक्ती चांगली आहे. ते चार-पाच दिवसांत उगवतात, मुलाचा धीर टिकवितात, आणि गाजराला जागा लागण्यापूर्वी उपटून खाताही येतात.

अखेर गवतासारख्या दोन बारीक पात्या वर येतात, आणि नंतर कातरलेली खरी पाने. मुलाचा आनंद ओसंडून जातो. आणि नेमकी तेव्हाच दुसरी कसोटी उभी राहते. रोपे बोटभर उंच झाली, की विरळणी करावी लागते. डब्यात पन्नास रोपे असतील, तर शेवटी नऊ ठेवावयाची : तीन रांगा, प्रत्येक रांगेत तीन. ज्यांची पंधरा दिवस वाट पाहिली, तीच आपल्या हाताने काढावयाची, हे मुलाला क्रूर वाटते. त्याचे हे वाटणे हसण्यावारी नेऊ नये. नऊ गाजरांपुरती जागा पन्नासांनी वाटून घेतली, तर पन्नासांपैकी एकही गाजर होत नाही, हे त्याला सांगावे. आणि तरीही पटले नाही, तर दुसऱ्या एका डब्यात विरळणी न करता रोपे तशीच ठेवावीत. भोगीला दोन्ही डबे शेजारी शेजारी ठेवले, की मोठ्यांनी वाद घालण्याचे कारण उरत नाही. विरळणी करताना रोप उपटण्याऐवजी कात्रीने मातीलगत कापावे, म्हणजे शेजारच्या मुळास धक्का लागत नाही. कापलेला कोवळा पाला वरणात टाकावा.

पुढचे दोन महिने वरवर पाहता काहीच घडत नाही. पाणी देणे, तण काढणे, मातीतून खांदा वर आला तर मातीची भर देणे, एवढेच काम. पाणी नियमाने द्यावे. आठवडाभर विसरून मग एकदम डबा भरला, तर आतले गाजर उभे चिरते. या काळात मुलाला एक गाजर उपटून पाहण्याची अनिवार इच्छा होते. ती स्वाभाविकच आहे. परंतु उपटलेले गाजर पुन्हा लावून वाढत नाही. त्यासाठी एक तोड काढता येते. आठवड्यातून एकदा, ठरलेल्या वारी, मुलाने एका रोपाच्या बुंध्याची माती बोटाने हळूच सारून गाजराचा खांदा पाहावा, त्याची रुंदी दोऱ्याने मोजून वहीत लिहावी आणि माती पुन्हा झाकावी. पहिल्या महिन्यात दोरा जेमतेम काडीइतका भरतो. डिसेंबरच्या अखेरीस तो अंगठ्याभोवती बसतो. न दिसणाऱ्या वाढीचा हा पुरावा मुलाने स्वतःच्या अक्षरात लिहिलेला असतो, ही त्यातील मोलाची गोष्ट.

काढणीच्या आदल्या दिवशी डब्यास भरपूर पाणी द्यावे. पाला बुंध्याशी घट्ट धरावा, किंचित पिरगाळावे आणि सरळ वर ओढावे. माती एक क्षण धरून ठेवते आणि मग सोडते. तो क्षण मुलाच्या हाताला दीर्घकाळ आठवतो.

पहिल्या वर्षी डब्यातून नऊ देखणी गाजरे निघतील, अशी आशा मात्र कोणी धरू नये. एक दुभंगलेले असते, एक चिरलेले, एक तंतुमुळांनी दाढी आल्यासारखे, एकाचा खांदा हिरवा, एक करंगळीएवढेच. ही विद्रूप गाजरे टाकून न देता ओट्यावर ओळीने मांडावीत, कारण प्रत्येक व्यंगाला एक कारण असते. दुभंगलेल्याला खडा लागला किंवा खत कच्चे राहिले. चिरलेल्याचे पाणी मध्येच खंडले. दाढीवाल्याला खताचा मारा जास्त झाला. हिरव्या खांद्यावर मातीची भर पडली नाही. करंगळीएवढ्याला शेजाऱ्यांनी वाढू दिले नाही. नव्वद दिवसांत जे जे केले आणि जे जे करावयाचे राहिले, त्याची नोंद जमिनीने अशी ठेवलेली असते; आणि ती मुलाइतकीच मोठ्यांचीही असते. चाळणीवर घाई केली असेल, तर ती कोणी केली हे दोघांनाही ठाऊक असते.

याच ठिकाणी प्रेमळ पालकांच्या हातून एक चूक होण्याचा संभव असतो. मूल हिरमुसू नये म्हणून रात्रीच बाजारातून चार सुबक गाजरे आणून डब्यात रोवून ठेवावीत, असा मोह होतो. हेतू चांगला असला, तरी त्यामुळे तीन महिन्यांची सारी कमाई बुडते. मुलाने स्वतः वाढविलेले वाकडे गाजर त्याचे स्वतःचे असते. दुसऱ्याचे सरळ गाजर त्याच्या नावावर चढविले, की त्याच्या वहीतील मापे खोटी ठरतात. पुढे केव्हा तरी ही लबाडी त्याला कळते, आणि त्या दिवशी केवळ गाजरावरचा विश्वास जात नाही. डबा रिकामा निघाला तरी तो रिकामाच दाखवावा, कारण दोघांनी मिळून शोधावे, आणि पुढच्या ऑक्टोबरसाठी वहीत तशी नोंद करावी.

वाकडे गाजर चवीला वाकडे नसते. त्याची चकती कापून मुलाला दाखवावी : मधला फिकट गाभा पाणी वर नेतो, आणि बाहेरच्या गडद भागातून पानांनी तयार केलेले अन्न खाली उतरून साठते. त्याच्या नारिंगी-तांबड्या रंगातील एक द्रव्य वाकेनरोडर या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने १८३१ साली गाजरातूनच वेगळे केले, आणि गाजरावरूनच त्याचे नाव कॅरोटीन पडले. शरीर त्यापासून ‘अ’ जीवनसत्त्व तयार करते. त्या जीवनसत्त्वाच्या अभावी मुलांना रातांधळेपणा येतो, म्हणून गाजराचे महत्त्व खरेच आहे; परंतु गाजर खाऊन चष्मा सुटतो, हे काही खरे नव्हे. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश वैमानिक रात्री शत्रूची विमाने टिपीत, त्याचे श्रेय वृत्तपत्रांतून गाजरांना देण्यात आले होते. वास्तविक ते काम रडार यंत्राचे होते. कॅरोटीन स्निग्ध पदार्थाबरोबर चांगले पचते. भोगीच्या भाजीत गाजराबरोबर तिळाचे कूट घालणाऱ्या आजीला हे रसायन ठाऊक नसेल, पण तिची रीत शास्त्राला धरूनच आहे.

नऊपैकी एक गाजर मात्र काढू नये. गाजराने एवढा गोडवा साठविलेला असतो तो आपल्यासाठी नव्हे. पुढच्या हंगामात फूल आणि बी धरण्याची ती त्याची शिदोरी असते. लाल आशियाई गाजराला आपल्या मैदानातही फुलोरा येतो. एक रोप तसेच राहू दिले, तर उन्हाळ्याच्या तोंडाशी त्याचा दांडा मुलाच्या कमरेपर्यंत वर चढतो आणि त्यावर पांढऱ्या फुलांची छत्री उघडते. मधमाश्या येतात, पुढे ती छत्री मिटून वाळते आणि तिच्यात खरखरीत, सुवासिक बी भरते. संकरित वाणाचे बी असेल, तर त्यातून मूळ रंगरूप येईलच असे नाही. साध्या वाणाचे बी पुन्हा पेरता येते.

ते बी कागदाच्या पुडीत घालून, पुडीवर मुलाच्या हाताने वर्ष लिहून, कोरड्या जागी ठेवावे. दिवाळीच्या आधी, डबा पुन्हा उन्हात मांडावयाच्या दिवशी, ती पुडी मुलाने स्वतः आठवणीने काढून आणली, की त्याला शिकविण्याचे काम संपले असे समजावे. त्यानंतर चाळणी कोणी धरावयाची, एवढेच ठरवावयाचे उरते.